डावीकडच्या बादल्या

३ एप्रिल

चि. ठमे,

पत्र बघून घाबरू नकोस, घरात सगळे धडधाकट आहेत. तुला फोन केला की मागे तुझ्या वर्कशॉपातलं एखादं इंजिन बोंबलत असतं, तू नुसती "हो आत्या, हो आत्या" करतेस आणि मी बोललेलं निम्मंही तुझ्यापर्यंत पोचत नाही. शिवाय तू जे सांगशील ते मला फ्रिजवर चिकटवायचंय. म्हणून हा कागद.

तर बातमी अशी की आम्ही जेटबोट घेतली.

पुन्हा वाचू नकोस, तेच लिहिलंय. निळी, सतरा फुटी, पाच जण बसतील एवढी. वरच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरची होती. तो लेकीकडे राहायला गेला आणि तिच्याकडे पाणी म्हणजे नळाचं तेवढंच. ट्रेलरसकट देऊन टाकली.

आता तू म्हणशील, आत्याला काय म्हातारपणी भलतंच सुचलं. ऐक. तुझे काका निवृत्त होऊन अकरा महिने झाले. चौतीस वर्षं बस चालवली तेव्हा घरी आले की अख्खा मार्ग मला ऐकवायचे. कुठल्या थांब्यावर कोण भांडलं, कुणाची छत्री राहिली. आता गॅलरीत बसतात. वाढलं की जेवतात. मी चष्म्याच्या दुकानातून आले की विचारते, काय केलंत दिवसभर? म्हणतात, काही नाही. आणि खरंच काही केलेलं नसतं. मागच्या आठवड्यात डॉक्टरच्या गॅरेजपाशी थबकले आणि म्हणाले, "हिला मागे पंखा कसा नाही हो?" अकरा महिन्यांतला पहिला प्रश्न, ठमे. मी दुसऱ्या दिवशी जाऊन बोट ठरवून आले.

आता ती आमच्या दारात उभी आहे आणि दोघांनाही तिच्यातलं ओ की ठो कळत नाही. तू दिवसभर हेच करतेस. लिही सगळं. आम्ही अगदीच कोरे आहोत असं धरून लिही.

तुझी आत्या

९ एप्रिल

आत्या आणि काका,

दोघांना नमस्कार. तुमचं पत्र मी वर्कशॉपात मोठ्याने वाचून दाखवलं. आमच्या मिस्त्रीबाई म्हणाल्या, तुझी आत्या मला दत्तक घेईल का विचार.

आता फ्रिजसाठी.

घरून निघताना: ट्रेलरची कडी गाडीच्या मागच्या लोखंडी गोळ्यावर नीट बसली का ते हाताने वर ओढून बघायचं. साखळ्या खालून एकमेकींवरून, फुलीसारख्या. दिवे लागतात का ते एकाने मागे उभं राहून बघायचं, अंदाजाने नाही. आणि बूच. बोटीच्या बुडाला मागे एक भोक असतं, आत साठलेलं पाणी काढायला. त्याचं बूच बोट पाण्यात जायच्या आधी लावायचं. हे सगळेच विसरतात आणि सगळ्यांना वाटतं आपण नाही विसरणार.

ट्रेलर मागे घेताना: काका, तुम्हाला बस मागे घेता येते हे विसरून जा, नाहीतर तेच नडेल. ट्रेलर उलटा वळतो. हात स्टिअरिंगच्या तळाशी ठेवा. हात डावीकडे नेला की ट्रेलर डावीकडे, उजवीकडे नेला की उजवीकडे. सावकाश. दुमडायला लागला की हट्ट करायचा नाही, पुढे जाऊन सरळ करून पुन्हा यायचं. आधी मोकळ्या मैदानात बादल्या मांडून सराव करा.

आता पाण्यात, आणि हे लाल पेनने लिहा. जेटबोटीला ब्रेक नाही आणि सुकाणूही नाही. खालच्या जाळीतून पाणी ओढायचं आणि मागून जोरात फेकायचं, एवढंच तिचं काम. तो फवारा वळला की बोट वळते. म्हणजे थ्रॉटल, जोर द्यायचा तो दांडा, सोडला की फवारा गेला, आणि फवारा गेला की चाक कितीही फिरवा, ती नाकासमोर जात राहते. समोर काही आलं तर सोडायचं नाही. थोडा जोर द्यायचा आणि वळवायचं. माणसाचा हात बरोबर याच्या उलट करतो, म्हणून रिकाम्या पाण्यात पन्नास वेळा करून बघा.

कंबरभर पाण्याशिवाय इंजिन चालू करू नका, खालचे खडे ओढून घेते. इंजिन बंद करायची दोरी चालवणाऱ्याच्या मनगटाला. लाइफ जॅकेट दोघांना, धक्क्यावरूनच. केस बांध आत्या.

तुमची ठमी

१७ एप्रिल

मेकॅनिकबाई,

हे पत्र मी परस्पर लिहितोय. तुझ्या आत्याला सांगायची गरज नाही. उत्तर बेलाशक घरी पाठव, खालच्या टपालपेटीची किल्ली माझ्याकडे असते.

बारा मीटरची बस मी अशा गल्ल्यांतून मागे घेतली आहे की लोक खिडक्या मिटून घ्यायचे. आणि आता हा साडेपाच मीटरचा ट्रेलर माझी अब्रू काढतोय. शाळेच्या मैदानात आठ बादल्या मांडल्या, चार डावीकडे, चार उजवीकडे. तू म्हणालीस तसा हात तळाशी ठेवला. खरं सांगतो, युक्ती नामी आहे. तिसऱ्या दिवशी उजवीकडची एकही बादली पडली नाही. डावीकडच्या मात्र रोज पडतात. कधी दोन, कधी चारही. ट्रेलर सरळ चाललाय असं वाटतं आणि मागून प्लॅस्टिक चिरडल्याचा आवाज. तुझी आत्या जाऊन नवीन बादली आणते.

मोठा आरसा मिळतो का डाव्या बाजूला लावायला? असेल तर नंबर कळव, मी मागवतो.

बाकी मजेत. सकाळी सहाला जाग येते हल्ली.

काका

२४ एप्रिल

चि. ठमे,

पाण्यात उतरलो. आधी पाणी आमच्यात उतरलं, मग आम्ही पाण्यात.

क्रमाने सांगते. रविवारी तलावावर गेलो तर बोटी उतरवायच्या रॅम्पवर ही गर्दी. काकांनी पहिल्यांदा ट्रेलर मागे घेतला तो काटकोनात दुमडला. दुसऱ्यांदा घेतला तो रॅम्पच्या डाव्या कठड्याला घासला. एक टोपीवाले गृहस्थ घडीची खुर्ची उघडून आमच्याकडे तोंड करून बसले. मला वाटलं, आता हे गाडीत बसून काच वर करतील आणि घरी परत. पण नाही. उतरले, त्या टोपीवाल्यांपाशी गेले आणि म्हणाले, "तिकीट काढलंत का?" लोक हसले, हेही हसले. तिसऱ्यांदा मी डाव्या बाजूला उभी राहून हाताने खुणा केल्या आणि ट्रेलर मडगार्ड बुडेपर्यंत सुतासारखा गेला.

बोट पाण्यात तरंगली. मी धक्क्यावरून दोरी धरून उभी, खूप ऐटीत. पाचेक मिनिटांनी काका म्हणाले, "अगं, पाय का ओले होताहेत?" बूच माझ्या पर्समध्ये होतं. हरवू नये म्हणून नीट रुमालात गुंडाळून ठेवलेलं.

परत ट्रेलरवर घेतली, वर ओढली, आणि मागच्या भोकातून पाण्याची धार लागली ती पंधरा मिनिटं. तेवढ्यात टोपीवाल्यांनी आम्हाला चहा पाजला.

मग मात्र गेलो. ठमे, ती उडते गं. काकांच्या तोंडावर वारा, आणि ते मला थांबे सांगत होते. "पुढचा थांबा, पाणवेली." मी डाव्या सीटवर बसते. मला तीच बाजू बरी वाटते.

तुझी आत्या

२९ एप्रिल

काका,

आरशाचा नंबर पाठवत नाही. आधी मला एका गोष्टीचं उत्तर हवंय.

तुमचं पत्र आणि आत्याचं पत्र मी शेजारी ठेवून वाचलं. बादल्या डावीकडच्या. कठडा डावीकडचा. चौतीस वर्षं बस चालवलेल्या माणसाला ट्रेलर तीन दिवसांत जमतो, आणि तुम्हाला जमलाय, उजव्या बाजूने. आरशातलं जे दिसत नाही ते मोठ्या आरशातही दिसणार नसेल, तर आरसा बदलून काय उपयोग?

तुम्हाला डाव्या डोळ्याने किती दिसतं?

चुकले असेन तर रागवा. मला आनंद होईल.

ठमी

४ मे

मेकॅनिकबाई,

रागावलो होतो. दोन दिवस. मग लिहायला बसलो.

डाव्या डोळ्याने समोरचं दिसतं. कडेचं दिसत नाही. तिथे काळं वगैरे काही नाही, तिथे नुसतं काहीच नाही, म्हणून कळत नाही. डेपोत डोळे तपासले तेव्हा निघालं. साहेब भला माणूस. म्हणाला, बस आता नाही, पण तुम्हाला मानाने पाठवू. म्हणून ती मुदतीआधीची निवृत्ती. घरी मी सांगितलं, नवीन योजना आली, मी घेतली. गाडीचं लायसन्स अजून आहे, ते चोरून नाही. डॉक्टरकडे जा म्हणून चिठ्ठी दिली होती. ती माझ्या जुन्या गणवेशाच्या खिशात आहे.

तू विचारशील, घरात डोळे तपासणारी बाई असून? त्यामुळेच. तुझ्या आत्याने अख्ख्या रस्त्याचे डोळे तपासलेत. बेकरीवाल्याच्या आईचं दुखणं तिने वेळेवर पकडलं, लोक अजून नाव काढतात. आणि स्वतःच्या घरात, रोज समोर जेवणाऱ्या माणसाचं तिला दिसलं नाही, हे तिला कळलं तर ती दुकानाला कुलूप लावेल. मी ओळखतो तिला.

पाणी रुंद असतं. तिथे बादल्या नसतात. हे तुझ्यामाझ्यात ठेव.

काका

८ मे

काका,

नाही ठेवणार.

पाण्यावर बादल्या नसतात, माणसं असतात. पोहणारी, वल्ही मारणारी, आणि त्यांना वाटतं की बोट चालवणाऱ्याला आपण दिसतोय. तुमच्यासाठी मी लहानपणापासून काहीही करत आलेय, पण हे नाही.

येत्या रविवारपर्यंत तुम्ही आत्याला सांगा. नाहीतर सोमवारी मी फोन करेन आणि त्या दिवशी वर्कशॉपातली सगळी इंजिनं बंद ठेवायला लावेन, म्हणजे तिला शब्द न् शब्द ऐकू जाईल. तोवर चाकाला हात लावू नका. माझी शपथ वगैरे घालत नाही. तुम्ही चौतीस वर्षांत एकदाही सिग्नल तोडला नाहीत, त्याच माणसाला हे सांगतेय.

आणि आत्या दुकानाला कुलूप लावेल असं मला नाही वाटत. तुम्ही तिला कमी ओळखता.

ठमी

१८ मे

चि. ठमे,

तू सोमवारी फोन केलास तेव्हा मी "सांगितलं त्यांनी, बाकी पत्रात लिहिते" एवढंच बोलून ठेवला. आवाज धड नव्हता. आज आहे.

रविवारी काकांना घरातच थांबायचं होतं. मीच मागे लागले, ऊन छान आहे, चला. ते म्हणाले, बरं, तिथेच बोलू. काय बोलायचंय ते मी विचारलं नाही. बोट उतरवली, आणि त्यांनी चाक माझ्यापुढे केलं. म्हणाले, आज तू घे. मी म्हटलं, छे, मला कुठे जमतंय, तुम्हीच घ्या. तीनदा नाही म्हणाले. मी तीनदा आग्रह केला. हे नीट वाच, पुढे लागणार आहे.

तलावाच्या मधोमध बऱ्यापैकी वेगात होतो. पाणी आरशासारखं. मी पर्समध्ये गॉगल शोधत होते. दोनच क्षण. मान वर केली तर डावीकडून एक लांबट वल्ह्यांची होडी आमच्या नाकासमोर येत होती. एकटी बाई, लाल टोपी, पाठ आमच्याकडे. वल्ही मारणारे उलटेच बसतात. मी काकांकडे पाहिलं. ते शांतपणे समोर बघत होते. त्यांच्या जगात ती होडी नव्हतीच.

मी ओरडले, "डावीकडे माणूस."

त्यांनी थ्रॉटल सोडला. आयुष्यभर जे केलं तेच केलं, पाय ब्रेकवर दाबल्यासारखा फळीवर रोवला. बोटीचं नाक खाली बसलं आणि ती सरळ निघाली, गुपचूप, सरळ त्या बाईच्या पाठीवर. चाक फिरवत होते, काही होत नव्हतं. मी म्हटलं, "जोर द्या. जोर द्या आणि उजवीकडे." ठमे, त्यांना अजूनही ती दिसली नव्हती. ज्या गोष्टीवर आपण आदळणार आहोत ती दिसत नसताना, केवळ मी म्हटलं म्हणून, त्यांनी तो दांडा पुढे ढकलला. बोट गरकन उजवीकडे फिरली. होडी आमच्या मागून गेली, मध्ये फार तर तीन हात. आमच्या लाटेने ती एवढी हलली की एक वल्हं त्या बाईच्या हातून सुटलं.

वल्हं आम्ही आणून दिलं. बाई पोहणं शिकवते. तिने आम्हाला पाच मिनिटं जे सुनावलं त्यातला एकही शब्द जास्तीचा नव्हता. आम्ही दोघं मान खाली घालून शाळेतल्यासारखे ऐकत होतो.

ती गेल्यावर काकांनी इंजिन बंद केलं. मनगटाची दोरी सोडली, माझ्या मांडीवर ठेवली आणि सगळं सांगितलं. डेपो, साहेब, चिठ्ठी. खिशातून तुझं पत्र काढून दिलं. ते म्हणाले, "तुला कळलं नाही याचं वाईट वाटून घेऊ नकोस."

मी म्हटलं, "मला माहीत आहे."

दोन वर्षांपासून, ठमे. त्यांचा डावा खांदा दाराच्या चौकटीला लागतो. डावीकडे ठेवलेली वाटी ते मागून घेतात. असले पेशंट मी रोज बघते, आणि माझ्या घरातला मला दिसणार नाही? मी वाट बघत होते, की आपणहून दुकानात येतील, त्या खुर्चीवर बसतील आणि म्हणतील, बघ गं जरा. ते आले नाहीत. मला वाटलं, परक्यांना माझ्यावर भरवसा आहे आणि ह्यांना नाही. रुसले. वयाच्या साठाव्या वर्षी, एका डोळ्यावरून मी नवऱ्याशी रुसले, आणि त्याला कळूसुद्धा दिलं नाही. बोट घेताना माझ्याही मनात तेच होतं, की पाणी रुंद आहे, डाव्या बाजूला मी बसेन. बादल्या आणत राहिले. आणि त्या दिवशी ते चाक देत होते तर घेतलं नाही.

त्या बाईला काही झालं असतं तर ते माझ्या हातून झालं असतं. हे कुणाला तरी लिहायला हवं होतं. तुला लिहिलं.

तुझी आत्या

२३ मे

आत्या,

तुझं पत्र वाचून मी बाहेर जाऊन एका बोटीचं बूड दोन तास घासलं. आधी तुझा राग आला. मग काकांचा. मग लक्षात आलं की मला एकोणतीस एप्रिललाच कळलं होतं आणि मीही पत्र लिहून उत्तराची वाट बघत बसले. त्याच दिवशी उठून बसने निघाले असते तर संध्याकाळपर्यंत पोचले असते. म्हणजे तिघांना माहीत होतं आणि तिघंही आपापल्या कोपऱ्यात सांभाळून होतो. आता रागवायला कुणी उरलं नाही.

त्यामुळे कामाचं बोलते. काकांना खुर्चीवर बसव. रुसवा नंतर पूर्ण कर. बोट विकू नका, तुम्ही विकायचं बोलत असणार हे मला माहीत आहे. चाक तू घे. तुला जमत नाही असं तू म्हणतेस. पण त्या क्षणी काय करायचं हे बोटीत एकीलाच ठाऊक होतं. तलावावर शिकवणारे असतात, त्यांच्याकडे रीतसर परीक्षा दे. आणि तोवर जेट बंद, ट्रेलर बंद.

मी शनिवारी येतेय. गादी गॅलरीत नको, तिथे डास असतात.

ठमी

११ ऑगस्ट

मेकॅनिकबाई,

तू येऊन गेलीस त्याला अडीच महिने झाले, आणि बोट ट्रेलरवर ओढायच्या विंचला तू लावलेलं ते हँडल अजून कुरकुरतं. एवढी एक तक्रार नोंदवून घे.

डोळ्याचं सांगतो. तुझ्या आत्याने दुकान बंद झाल्यावर मला खुर्चीवर बसवलं. पाटी उलटी केली, दिवा लावला, आणि परक्या माणसाशी बोलावं तशी बोलत होती, "हनुवटी टेका, समोर बघा, हलू नका." मी हललो नाही. तिने दोन्ही डोळे दोनदा तपासले. मग मोठ्या डॉक्टरकडे गेलो. डोळ्यातला दाब वाढतो, त्याने कडेची नजर जाते. गेलेली परत येत नाही. उजव्याला नुकतीच सुरुवात होती. सकाळ-संध्याकाळ थेंब घातले तर उरलेलं टिकेल म्हणतात. चिठ्ठी घेऊन वेळेवर गेलो असतो तर डावाही बराच वाचला असता. डॉक्टरने हे सांगितलं तेव्हा ती खिडकीबाहेर बघत होती. घरी येऊन दोघंही एकदाच नीट भांडलो, दोन वर्षांचं मिळून. शेजारच्यांनी टीव्ही बारीक केला. त्यानंतर बरं वाटलं.

थेंब तीच घालते. मला स्वतःला जमतात, पण सांगितलेलं नाही.

डॉक्टरने गाडीला हरकत घेतली नाही, दिवसा, सावकाश. तरी रॅम्पवर ट्रेलर मागे घेताना ती बाहेर उभी राहून खुणा करते आणि मी फक्त तिच्या हाताकडे बघतो. आता एका दमात जातो. परवा एक जण त्याचा ट्रेलर तीनदा दुमडून घामाघूम झाला होता, त्याला मी हात तळाशी ठेवायला शिकवलं. टोपीवाले म्हणाले, तुम्ही क्लास काढा.

परीक्षा ती पहिल्या झटक्यात पास झाली. तपासणाऱ्याने मध्येच एक रिकामा डबा पाण्यात फेकला आणि म्हणाला, हे पोहणारं माणूस समजा. ती जोर देऊन अशी काही वळली की त्याचं पॅड पाण्यात गेलं. पॅडही तिनेच काढून दिलं.

काल आम्ही पलीकडच्या काठाला जाऊन आलो. ती चालवत होती. पाठ ताठ, केस बांधलेले, तोंडाने स्वतःशीच काहीतरी पुटपुटत. तुझी यादी असावी. मी शेजारी. पहिले काही दिवस मला हातांचं काय करावं कळेना, पाय आपोआप फळी दाबत. काल ते झालं नाही. चौतीस वर्षं माझ्या मागे माणसं बसून खिडकीबाहेर बघत असायची, आणि मला कधी कळलं नाही की एवढं बघण्यासारखं असतं तरी काय. काल मी बघितलं. काठावर कुणीतरी चादरी वाळत घातल्या होत्या. एक कुत्रा पाण्यात पाय बुडवून विचार करत उभा होता. लाल टोपीवाली बाई दुरून वल्हं उचलून काहीतरी ओरडली, आणि या खेपेला ते शिव्या देण्यासारखं वाटलं नाही.

"काय एवढं बघताय?" तुझ्या आत्याने विचारलं.

मी म्हटलं, तू पुढे बघ. मी सांगतो.

आणि परत धक्क्याला लागेपर्यंत सांगत होतो.

काका